बॅगेतली वाघीण

पुण्याहून निघताना माझ्या बॅगेत एक वाघीण होती. पुठ्ठ्याची, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, डोळ्यांच्या जागी भोकं असलेली. सोबत लाकडी तलवार, जरीचा फेटा आणि पाठीला बाळ बांधायला एक जुना शेला. निवृत्त झाल्यापासून मी जिल्हा परिषदेच्या शाळांतून पहिली-दुसरीच्या मुलांना इतिहासातल्या शूर बायकांच्या गोष्टी सांगत हिंडते. माझी लेक म्हणते, "आई, तू गोष्ट कमी सांगतेस आणि मिरवतेस जास्त." तिचं बोलणं मी आजवर हसण्यावारी नेत आले.

सकाळी यवतमाळला उतरले. स्टँडसमोर तर्रीपोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा तिखटजाळ रस्सा) मागवले आणि दुसऱ्याच घासाला नाकाडोळ्यांतून पाणी आलं. पोहेवाला अगदी गंभीरपणे म्हणाला, "पुन्याच्या दिसता. साखर टाकू काय वरून?" मी हट्टाने ताटली पुसून खाल्ली. पुढचा अर्धा तास जीभ कामातून गेली होती.

घाटंजीच्या एस.टी.त खिडकी मिळाली. दोन्ही अंगांना फुटलेला कापूस, मधल्या ओळींत पिवळ्या फुलांची तूर आणि पलीकडे सागाचं रान. शेजारच्या बाईंनी मी कुठे चालले ते विचारलं. गावाचं नाव ऐकून म्हणाल्या, "सांज व्हायच्या आंधी (आधी) घरात बसा बरं बाई. तिकडे जनावर आहे."

"जनावरांना मी नाही भीत," मी हसून म्हटलं. "माझ्या माहेरी भरलेला गोठा होता."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या आणि मग तोंड फिरवून बसल्या. मला वाटलं, बाईंना माझ्या धीटपणाचं कौतुक वाटलं.

फाट्यावर गावंडे मॅडम स्कूटी घेऊन उभ्या होत्या. या शाळेच्या शिक्षिका, वयाने माझ्या लेकीएवढ्या. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक कडुनिंब आणि भिंतीवर रंगवलेले पाढे. मुलं वाटच बघत होती. मी तलवार काढली, फेटा बांधला आणि झाशीच्या राणीची गोष्ट सुरू केली. मॅडमना तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला, त्या बाहेर गेल्या.

पुढेच लाल रिबिनी बांधलेली एक चिमुरडी बसली होती. नाव आचल. तिला उभं करून राणी केलं. टॉवेलची गुंडाळी करून ते बाळ शेल्याने तिच्या पाठीला बांधलं. तिने हात मागे नेऊन बाळ नीट बसलंय का ते चाचपून पाहिलं. पोरगी गुणी आहे, माझ्या मनात आलं.

"आणि मग राणी कशी लढली?" मी ओरडले. "वाघिणीसारखी!" आणि मुखवटा चढवून डरकाळ्या फोडत मुलांत घुसले.

इतर शाळांत या जागी मुलं खिदळतात, किंचाळतात, माझा पदर ओढतात. इथे सगळी चिडीचूप झाली. ती रंगून गेली आहेत असं समजून मी आणखी जोरात गुरगुरले. भोकांतून पाहिलं तर मुलं भिंतीला चिकटली होती, एक पोर मुसमुसत होतं, आणि आचल दारातून बाहेर पळत होती. अनवाणी, पाठीवर बाळ तसंच.

"काढा ते, ताई! आंधी काढा!" मॅडम धावत आल्या.

मग त्यांनी सांगितलं. मागच्या हंगामात कापूस वेचताना आचलच्या आईला वाघिणीने नेलं. तेव्हापासून पोर शाळेत येत नव्हती. मॅडम रोज घरी जाऊन समजूत काढायच्या, तेव्हा कुठे याच आठवड्यात यायला लागली होती. "इथं त्याचं नाव नाई घेत कोनी. जनावर म्हनतात," मॅडम म्हणाल्या. "आता आचल नाई येनार, ताई."

मला एस.टी.तल्या बाई आठवल्या. त्यांनी मला सावध केलं होतं आणि मी त्यांना गोठा ऐकवला होता! कानशिलं तापली. मुखवटा हातात होता, तो कुठे लपवावा ते कळेना.

आम्ही आचलच्या घरी गेलो. वाटेत मॅडमनी तिथल्या मोठमायबद्दल (थोरल्या चुलतीबद्दल) सांगितलं. त्या दिवशी ती शेतात सोबतच होती. बाकीच्या पळाल्या, ही दगड मारत जनावरामागे गेली. जाऊ वाचली नाही. जावेची पोर तेव्हापासून हिच्या कुशीत झोपते, आणि ही त्याच शेतात रोज वेचायला जाते.

मोठमाय दारातच होती. मी माफीची चार वाक्यं जुळवून आणली होती. ती पुरती ऐकायच्या आत म्हणाली, "तुमाले कायले मालूम राहीन जी? बसा, चाय मांडतो." रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

आचल बाजेखाली बसली होती. मी जमिनीवर बसले. "आचल, माझं चुकलं गं."

खालून आवाज आला, "थे तोंड जाळलं काय?"

"नाही अजून."

"जाळा."

मोठमायने मुखवटा चुलीत सारला. रंगाचा असा काही धूर झाला की आम्ही तिघी खोकत अंगणात आलो. मागून डोळे चोळत आचलही आली. बाळ अजून पाठीवरच होतं.

"रानी मेली," ती म्हणाली, "मंग पाठीवरच्या लेकराचं काय झालं?"

किती शाळांत ही गोष्ट सांगितली असेल! राणी पडली की मी तलवार उंचावते, मुलं टाळ्या पिटतात, आणि बाळ शेल्यासकट घडी होऊन बॅगेत जातं. पुढे त्याचं काय झालं, ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही असं मला कधी वाटलंही नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "शोधून उद्या सांगते. मॅडमच्या फोनवर, शाळेत."

शेला मी परत मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या स्टँडवरून फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "आली ना. दारात उभी आहे. आंधी उत्तर, मंग आत, म्हनते."

मी सांगितलं. मुलगा वाचला. राणीच्या विश्वासातल्या माणसांनी त्याला रानावनात लपवून सांभाळलं. राज्य गेलं, पण तो मोठा झाला, त्याने संसार केला.

अगदी जवळून आवाज आला, "त्याले मोठमाय होती काय?"

"असेल," मी म्हटलं. "कुणीतरी नक्की होतं."

"हाव," तिने होकार दिला. थोड्या वेळाने मॅडम हळूच म्हणाल्या, "बसली, ताई."

घरी आल्यावर लेकीला सगळं सांगितलं. या वेळी ती मला हसली नाही. ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, त्या मोठमायचं नाव काय गं?"

राणीच्या घोड्याचंसुद्धा नाव मला पाठ आहे. शूर बायकांच्या गोष्टी सांगायला मी इतक्या लांब गेले, तिच्या हातचा चहा प्याले, आणि तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.