साडेअकराची ओहोटी

किनाऱ्यापासून कोसो दूर, पुंडलिकनगरात बसून मी समुद्राच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक तयार केलं, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. कोकणातल्या एका बाईंच्या घरगुती लॉजची ती वेबसाइट. तिथं हवामान आणि भरती-ओहोटी रोज दिसायला हवी, असा त्यांचा आग्रह होता, कारण समोरच्या खडकावरच्या देवळात ओहोटीलाच वाळूतून चालत जाता येतं. पाऊस आणि तापमान मी मोबाइलशी ताडून पाहिलं. ओहोटी कशाशी ताडणार? आमच्याकडं पाणी येतं ते नळाला, तेही पाळीनं. आकडे आले, छान दिसले, मी खूश.

वर शहाणपणा असा, की दादालाच तिथं धाडलं. फर्दापूरकडं शेती करणारा माझा मोठा भाऊ, वहिनी आणि सात वर्षांची भाची. तिघांनीही समुद्र कधी पाहिला नव्हता.

सकाळी साडेआठला दादाचा फोन आला. "अगं, पोचलो देवळात! घोट्याएवढंच पाणी व्हतं. ओहोटी साडेअकराला दावतीय ना तुझी साइट? तवर बसतो निवांत."

"बस की," मी म्हणाले.

साडेनऊला त्या बाईंचा फोन. "ताई, आजची ओहोटी सहालाच होऊन गेली. तुम्ही साडेअकरा कसं दाखवताय?"

मी घाईघाईनं साइटचा कोड उघडला. आकडे परदेशी वेळेत येतात असं धरून मी त्यात साडेपाच तास मिळवले होते, आणि ते मुळात आपल्याच वेळेत होते. साइट सांगत होती पाणी उतरतंय, आणि तिथं ते साडेतीन तास चढत होतं.

"माझा भाऊ आहे हो देवळात," मी ओरडलेच. "लेकरू आहे सोबत!"

"होडी काढते," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दादा फोन उचलेना. वहिनीचा बंद. पाणी वाढताना बघून तो पोरीला खांद्यावर घेऊन चालत निघेल, ही एकच भीती. दादाला पोहता येतं, पण विहिरीत. मी ती चुकलेली ओळ दुरुस्त केली. आता काय उपयोग, तरी केली. पडद्यावरचा, पाणी चढतंय की उतरतंय ते दाखवणारा बाण वर वळला, भरती सव्वाबारा. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

सव्वादहाला बाईंच्या फोनवरून वहिनी बोलल्या. "वन्सं, आलो काठाला. छातीइतक्या पाण्यात उभे व्हते हे, पोर खांद्यावर. होडीत वढून घेतलं. फोन गेला पाण्यात."

मी रडायलाच लागले. चूक माझी, माझी एकटीची, असं काहीबाही बोलत राहिले.

"जाताना एक कोळीण सांगत व्हती," वहिनी म्हणाल्या, "नवाच्या आत माघारी या, पाणी चढंल. ह्यांनी ऐकलंच नाय."

"का पण?"

"म्हणले, माझ्या बहिणीनं लिवलंय. ती चुकायची नाय."