बर्फावरची किळस

विमानतळावर बॅगांचं वजन करून झालं होतं, बाबा ट्रॉली परत लावायला गेले होते. तेवढ्यात आईने माझा दंड धरून सांगितलं, "तिथे कशाला नाक मुरडू नकोस. पुढ्यात येईल त्याला छान म्हणायचं. लोक मनाला लावून घेतात."

मी ते तंतोतंत पाळलं. केंजीशी लग्न करून जपानात त्सुकुबाला आले तेव्हापासून आंबवलेल्या सोयाबीनच्या, तारा सुटणाऱ्या नात्तोलाही छान म्हटलं आणि भातावरच्या कच्च्या अंड्यालाही. सांगलीला आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा बंद असायचा. तुमच्यापैकी ज्या माझ्यासारख्या निघून आल्या, त्यांनी हेच केलं असेल. हसून गिळायचं, मग बाथरूममध्ये नळ सोडून चुळा भरायच्या.

पण वाकासागीचं काही केल्या जमेना. वाकासागी म्हणजे बोटाएवढा चंदेरी मासा. माझ्या सासूबाई गुन्माच्या डोंगरात राहतात. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना ओकाआसान, म्हणजे आई, म्हणते. दर हिवाळ्यात त्या गोठलेल्या तळ्यावर तंबू ठोकतात, बर्फाला भोक पाडतात आणि हे मासे धरत बसतात. सासरे गेल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. दर वर्षी आम्हाला बोलावणं यायचं आणि मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसायचे.

या माशाचा गळ तांदळाच्या कणीएवढा. केसासारख्या बारीक दोऱ्याला असे पाच-सहा गळ, प्रत्येकावर एक रंगीत मणी. मळभ असेल तर पाण्यात चमकणारा हिरवा, ऊन असेल तर लाल नाहीतर सोनेरी. ओकाआसान तंबूच्या फटीतून आभाळ बघून ठरवायच्या. इथवर मलाही मजा वाटायची. मग त्या भुशाने भरलेली डबी उघडायच्या. आत साशी. माशीच्या अळ्या, काही पांढऱ्या, काही गुलाबी रंगवलेल्या, सगळ्या वळवळणाऱ्या. हुबेहूब गव्हले. आई हाताने वळून पार्सलमधून पाठवते तेच गव्हले. त्यांची खीर मला आता घशाखाली उतरत नाही. अळी गळाला टोचली की कात्रीने अर्धी कापायची, म्हणजे आतला रस पाण्यात उतरतो आणि मासा वासावर येतो. थंडीने बधिर झालेल्या बोटांनाही तो चिकटपणा कळायचा. "छान जमतंय तुला," ओकाआसान म्हणायच्या. मी हसायचे.

गेल्या हिवाळ्यात थंडी इतकी होती की अळ्या डबीतच आखडल्या. अळी हलली नाही तर मासा फिरकत नाही. ओकाआसाननी दोन-तीन अळ्या उचलल्या आणि तंबाखूची चिमूट ठेवावी तशा खालच्या ओठाच्या आत ठेवल्या. ऊब मिळाली की हलतात, असं तोंडात अळ्या असतानाच मला समजावलं. केरोसीनच्या स्टोव्हचा वास, तळणीच्या तेलाचा, ओल्या हातमोज्यांचा, सगळं एकदम घशाशी आलं. तेवढ्यात आमच्या मुलीने, मीराने, आजीचं बघून एक अळी उचलली आणि स्वतःच्या ओठाखाली सरकवली.

"थुंक! आधी थुंक ते!" मी मराठीत ओरडले. मीरा एरवी मला जपानीतच उत्तर देते, पण हे तिला बरोबर कळलं.

मी तंबूचा पडदा ओढून बाहेर पडले आणि बर्फावर उलटी केली. ओकाआसान मागोमाग आल्या. बरं नाही का, म्हणून विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी स्वच्छ जपानीत सांगून टाकलं, "किमोची वारुई. मला किळस येते. या अळ्यांची, त्या कात्रीची, आतड्यांसकट तळलेल्या माशांची. पहिल्या वर्षापासून येते."

केंजी बाहेर डोकावला आणि परत आत गेला.

ओकाआसाननी ओठातल्या अळ्या हातमोज्यावर काढून घेतल्या. "मला वाटायचं, या मुलीला आवडनिवड अशी काही नाहीच," त्या म्हणाल्या. "काहीही वाढलं तरी छान. माझ्या घरात तू पाहुणीच राहिलीस." मग म्हणाल्या, "तू डाळीत ती पिवळी पूड घालतेस ना, तिचा वास मला सहन होत नाही. तुमच्याकडे आले की मी तोंडाने श्वास घेते."

हिंगाबद्दल बोलत होत्या. मला खरंच राग आला. तोंडात अळ्या धरणारी बाई माझ्या हिंगाला नावं ठेवत होती.

आत गेल्यावर त्यांनी माझा दोरा कापला आणि नवा बांधला. त्याला टिकलीएवढा पितळी पत्रा, त्यावर लाल ठिपका, खाली एकच गळ. "याला अळी लागत नाही. पण हात चालवावा लागतो." पत्रा तळाला टेकवायचा, वीतभर उचलायचा, मनगटाने काठीचं टोक थरथरवायचं आणि एकदम थांबायचं. मासा थरथर बघून जवळ येतो, पण तोंड घालतो ते सगळं थांबल्यावर. मला थांबायचं सुचेना. त्या माझं मनगट धरून म्हणायच्या, "आता गप्प."

शेवटी टोक वाकलं. मासा वर आला. हातात घेतला तर त्याला ताज्या काकडीचा वास आणि अंगाला शेंबडासारखा बुळबुळीत थर.

"हेही नाही आवडलं," मी म्हटलं.

"बरं," म्हणत त्यांनी तो बादलीत टाकला.

किळस गेली असं समजू नका. काकडीची कोशिंबीर मी आता करत नाही. या हिवाळ्यात मी तळ्यावर गेले, पण गाडीतच बसून राहिले. मीरा आजीबरोबर गेली, अळी तोंडात घालायची नाही या अटीवर.

पण मधल्या उन्हाळ्यात ओकाआसान त्सुकुबाला आल्या होत्या. मी फोडणीत हिंग टाकला तशा त्या उठल्या, बाल्कनीचं दार सताड उघडलं आणि नाकाला रुमाल लावून बाहेर उभ्या राहिल्या. चेहरा असा केला होता की बघवत नव्हतं.

"अजून पाच मिनिटं लागतील वास जायला," मी आतून म्हटलं.

"दार उघडंच ठेव," त्या म्हणाल्या.

मी डाळ ढवळत राहिले. सांगलीला मी दुधीची भाजी ताटाबाहेर सारायचे, आई करवादायची, आणि तरी कुणी मनाला लावून घ्यायचं नाही. तिथून निघाल्यापासून तसं घर मला कुठे मिळालं नव्हतं. त्या दिवसापासून मी घरी जाते म्हणते, तेव्हा मला त्सुकुबा म्हणायचं असतं.