निळा हातपंप

तसा निळा रंग कुठे दिसला की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

देवासला घरी सगळे मला ‘बाटलीवाली’ म्हणून चिडवायचे. धार जिल्ह्यातल्या गावांच्या पाण्यात फ्लोराइड किती आहे आणि त्यानं पोरांच्या दातांचं, हाडांचं काय होतं, हे तपासणाऱ्या एका प्रकल्पात मी नोकरीला होते; पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या सतत माझ्याजवळ असायच्या. डही गावाच्या पुढच्या एका वस्तीतल्या हातपंपाचं पाणी फार वाईट निघालं. आम्ही तो लाल रंगवला आणि घरोघरी जाऊन बायकांना समजावलं: लाल म्हणजे प्यायचं नाही, निळा म्हणजे खुशाल प्या.

एकीनं ते फारच मनावर घेतलं. तिच्या थोरल्याचे दात आधीच तपकिरी पडले होते. धाकटी चार वर्षांची, तिचे पक्के दात अजून हिरडीतच घडत होते. हिचे तरी वाचावेत म्हणून ती रोज टेकडीपलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायची. सबंध उन्हाळा तिनं असाच काढला.

मग प्रकल्पाला पैसे देणारे पाहुणे बघायला आले. जीपमधून उतरले तर हातपंप निळाशार! धाकटी ओंजळ धरून त्याचंच पाणी पीत होती.

“अगं, बघतेस काय? काढ लवकर फोटो!” सर म्हणाले. ते आमच्या प्रकल्पाचे प्रमुख; धारचे, मराठीच, माझ्या आईच्या ओळखीतले, म्हणून मला अगं-तुगं करायचे. कॅमेरा गळ्यात होता. मी फोटो काढला.

तेवढ्यात तिची आई आली, आणि मी मूर्खासारखी तिच्यावरच खेकसले. ती शांतपणे म्हणाली, “बाई, लाल तो तुमारा आदमी नेज मिटायो. महीनो हुई गयो. नीलो मतलब पीणे को, तुमनेज बतायो थो नी?”

तिचं काय चुकलं होतं? लाल रंग आमच्याच माणसानं पुसला होता, आणि आम्ही शिकवलं ते ती तंतोतंत पाळत होती.

परतताना मी जीपमध्येच सरांना विचारलं.

“अगं, लाल पंप बघून पाहुण्यांना वाटलं असतं, आपण काही केलंच नाही. जरा साफ-सुथरं करवून घेतलं. फिल्टर लागणारच आहे, फाइल चालू आहे. तू फालतू टेन्शन घेतेस.”

फालतू! महिनाभर ते विष पोरीच्या पोटात गेलं, आणि यांना रंगाची पडली होती. संशोधन म्हणे! मी वाटेत धामनोदलाच उतरले, लाल रंगाचा डबा घेतला आणि दुसऱ्या दिवशी बसनं जाऊन तो पंप स्वतः रंगवला. त्या पोरीच्या आईनं डबा धरला. रंगवून झाल्यावर ती घागर घेऊन टेकडीपलीकडच्या विहिरीकडे निघाली.

पुढे अहवाल छापून आला. मुखपृष्ठावर निळा पंप, ओंजळीनं पाणी पिणारी पोर, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘सुरक्षित पाणी’. फोटो छान आलाय, असं सगळे म्हणतात. तो मी काढलाय.