गळ्याच्या हाडामागे

छातीचे फोटो काढणाऱ्या या गृहस्थांना सगळा दवाखाना 'रोखासोडा' म्हणत असे. "श्वास घ्या. रोखा. आता सोडा," एवढंच त्यांचं दिवसभराचं बोलणं. घरी बायको चिडली की तिलाही ते हेच सांगत, आणि ती आणखी चिडे.

एका जागी बसणं या माणसाला ठाऊकच नव्हतं. पेशंट नसला की खोलीत येरझारा चालू. क्षयाच्या पेशंटला धीर मात्र असा देत की रडत आलेला माणूस हसत घरी जाई. "अहो, क्षय आता काय पूर्वीसारखा राहिलाय? गोळ्या चुकवायच्या नाहीत, बास." रोज जेवताना बायकोलाही ही वाक्यं पुन्हा ऐकावी लागत.

आणि तीच बायको कितीतरी आठवडे खोकत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्यांनी आधी धुळीवर ढकललं, मग हवेवर. संध्याकाळी तिचं अंग कसकसू लागलं, कपडे सैल झाले, तरी पठ्ठ्या आपला खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आणतोय. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याने असं केलं असतं, तर यांनीच त्याला फैलावर घेतलं असतं. भीती वाटत होती त्यांना, दुसरं काही नाही. रात्री ती खोकली की हे उठून उगाच खिडकी लावत आणि पुन्हा उघडत.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तीच दारात उभी राहिली.

"काढताय फोटो, की दुसरीकडे जाऊ?"

पहिला फोटो पडद्यावर आला. उजवीकडे, गळ्याखालच्या आडव्या हाडामागे, काहीतरी धुरकट दिसत होतं. हाडाचीच सावली असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. फुप्फुसाचं टोक त्या हाडाआड झाकलं जातं आणि तिथे सावल्या फसवतात, हे खरंच होतं.

"झालं ना?"

"आणखी एक. अगं, खांदे मागे प्लेटला टेकव आणि पोट पुढे काढ. असं वाकलं की हाड वर सरकतं, मागचं नीट दिसतं."

"या वयात कवायत करून घ्या माझ्याकडून."

"हलू नकोस. श्वास घे. रोख."

काचेआड जाऊन त्यांनी बटण दाबलं आणि पडद्याकडे वळले. हाड वर सरकलं होतं. सावली मात्र जागची हलली नव्हती, आणि तिच्या मधोमध एक छोटी पोकळी होती. क्षयाचे असे फोटो त्यांनी आयुष्यभर काढले होते. ते त्या पोकळीकडे बघतच राहिले.

पलीकडून खोकल्याची मोठी उबळ ऐकू आली. ते धावत गेले. ती प्लेटला धरून धापा टाकत होती.

"अहो, सोडा म्हणालाच नाहीत तुम्ही."

"राहून गेलं गं."

तिने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"तुमचं ते कधी राहत नाही," ती म्हणाली. "म्हणजे आहे तर."

"अगं, क्षय आता काय पूर्वीसारखा..."

"गोळ्या चुकवायच्या नाहीत, बास," तिनेच वाक्य पुरं केलं. मग कोपऱ्यातलं स्टूल पायाने त्यांच्याकडे सरकवलं. "बसा आता. आणि श्वास सोडा."