आधी खडू लाव

तात्यांचा उजवा अंगठा वाकडा होता, आणि ते तो मेडल दाखवावं तसा दाखवायचे. नवीन माणूस भेटला की नमस्कार नंतर, अंगठा आधी. "ह्यो बघ. कारखान्यातल्या इंजिनाच्या हँडलान मोडलो. चूक इंजिनाची न्हय, माझी. अंगठो मुठीत घेतलंय." जुनं डिझेल इंजिन हँडल फिरवून चालू करताना कधीकधी उलटा झटका देतं. अंगठा हँडलभोवती गुंडाळलेला असेल तर मोडलाच. तो बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले होते.

तात्या आणि माझे बाबा विक्रोळीच्या एकाच कारखान्यात फिटर, दोघंही मालवणकडचे. रिटायर झाल्यावर लोक गावी घर बांधतात. या दोघांनी एक जुनी शिडाची होडी घेतली आणि बोरिवलीच्या बाजूला गोराईच्या खाडीत बांधून ठेवली. बाहेर जाताना वारा नेतो, पण ओहोटीच्या उलट, तिवरांमधल्या अरुंद खाडीतून घरी यायला इंजिन लागतंच. ते एका सिलिंडरचं इंजिन माझ्यापेक्षा वयाने मोठं होतं. बाबा गेल्यावर होडी माझ्या आणि दादाच्या नावावर आली. इंजिन मात्र तात्यांचंच राहिलं, कागदावर काहीही असो.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनऐवजी खडू असायचा. फिटरची सवय. जिथे तिथे खुणा करायचे, एकदा आमच्या डायनिंग टेबलावरसुद्धा. आणि कोणी कोणाला निकालात काढलं, की ते एकच विचारायचे, "खडू लावलंस काय?" मी डिप्लोमाला नापास झाले तेव्हा दादा म्हणाला, हिच्याच्याने नाही होणार, हिला कुठेतरी चिकटवून टाका. तात्या उखडले. "खडू लावलंस काय तू? मगे गप रव." तेव्हा मला याचा अर्थ माहीत नव्हता. दादा गप्प बसला एवढंच मला पुरेसं होतं. पुढल्या वर्षी मी पास झाले, हे दादाला मी आजही आठवणीने सांगते.

तर, दोन वर्षांपूर्वी इंजिन बसलं. पांढरा धूर आला आणि ऑइल उघडून बघितलं तर त्याचा दुधाचा चहा झालेला. म्हणजे आत पाणी शिरलं होतं. दादाने नवीन इंजिन विकणाऱ्या कंपनीचा माणूस आणला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॉर्च. पाच मिनिटं बाहेरूनच बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ब्लॉकला क्रॅक आहे. हे भंगार. नवीन बसवून देतो, झकास. फक्त खालच्या लाकडी फळ्या कापाव्या लागतील, आणि इंजिन खोलायचं नाही हां, खोललंत तर वॉरंटी गेली."

तात्या तिथेच डब्यावर बसले होते. म्हणाले, "ज्येका आपण हात लावूचो नाय, ता इंजिन कसला? तो पाव्हणो."

दादा वैतागला. "तात्या, जमाना बदलला ना! किती दिवस ठिगळं लावणार? नवीन बसवू, नाहीतर होडीच विकून टाकू. वाट लागलीय तिची." मला खरं सांगायचं तर दादाचं पटत होतं. तात्यांचे हात आता थरथरायचे, चष्म्याचा नंबर वाढला होता. पण फळ्या कापायच्या म्हटल्यावर मी अडले. त्या बाबांनी बसवल्या होत्या. एकदा कापल्या की जुनं इंजिन परत कधीच बसणार नव्हतं.

"आधी खडू लाव," तात्या म्हणाले. "ब्लॉकार रेघ इली तर मी स्वता भंगारवाल्याच्या गाडीक धक्को मारतलंय. नाय इली, तर ह्याच इंजिन उभा रवतला. कबूल?" दादाने हो म्हटलं, पण वर एक अट घातली: नारळी पौर्णिमेच्या आत चालू झालं नाही तर होडी विकायची.

इंजिन खोलायच्या दिवशी सकाळी तात्यांनी त्याच्यापुढे नारळ ठेवला आणि चक्क गाऱ्हाणं घातलं. गावी देवळात घालतात तसं, हात जोडून, खणखणीत आवाजात. "बा देवा म्हाराजा! ह्या इंजिनाक जो कोण भंगार म्हणत असात, तेका चार दिवस तरी गप बसव रे म्हाराजा!" गाऱ्हाण्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. मी म्हटलं. दादा मोबाइलमध्ये बघत राहिला.

मग तात्यांनी एकेक भाग सुटा केला. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, आणि वरचं हेड, म्हणजे त्याचं बदलता येणारं झाकण, स्वच्छ करून रॉकेलने भिजवलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड फासली. "आता बसान रवा. तडो असलो तर रॉकेल आतून भायर येतला, खडूर काळी रेघ उठतली. खडू खोटा बोलना नाय." आम्ही तिघं बसलो. असं बसणं मी रिझल्टच्या दिवशीही बसले नव्हते. अर्ध्या तासाने हेडवर केसाएवढी काळी रेघ उमटली. ब्लॉक पांढरा शुभ्र! दादाने बोट फिरवून बघितलं, पुन्हा बघितलं. तात्यांनी तंबाखू मळायला घेतली.

हेड त्यांनी कुर्ल्याच्या भंगार बाजारात तीन फेऱ्या मारून शोधलं. पिस्टनच्या रिंगा नवीन घातल्या. नट मी आवळायचे आणि ते बाजूला बसून ओरडायचे, "चेडवा, जोर काढ! भाकरी खाल्लंस मां?" चेडू म्हणजे मुलगी. पन्नाशीला आलेल्या बाईला चेडू म्हणणारं त्यांच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. सगळं जोडून झालं, फक्त चालू करायचं राहिलं. "रविवारी भरतीक," ते म्हणाले. शुक्रवारी सकाळी चहा पिताना त्यांनी कप खाली ठेवला आणि गेले. मला त्यांचा इतका राग आला होता! दोन दिवस थांबता येत नव्हतं?

मग महिना गेला. पौर्णिमा चार दिवसांवर आली. दादा हळूच म्हणाला, "आता तरी सोड गं. चालवणारा गेला." मी म्हटलं, "खडू लावलास का?" आणि त्याला ओढतच खाडीवर नेलं.

हँडल घातलं, अंगठा बाजूला ठेवला, फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. नुसतं फुसफुसलं. हात भरून आले, डोळेही. मी हँडल ठेवलं, हात जोडले आणि कोण बघतंय, कोण हसतंय याची पर्वा न करता ओरडले, "बा देवा म्हाराजा! तात्या फिटराच्या हाताची लाज राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून दादाचा आवाज आला. फाटलेला, पण मोठा.

तिसऱ्यांदा फिरवताना हँडलने उलटा झटका दिला. हातातून सुटलं, अंगठा वाचला. चौथ्यांदा इंजिन धडधडत चालू झालं, आणि फळ्या पायाखाली थरथरायला लागल्या.

कंपनीचा माणूस अजून फोन करतो. "मॅडम, नवीन इंजिनाचं काय ठरलं?" मी होडीवर असले तर फोन धडधडत्या इंजिनापाशी धरते.