खरातबाईंचा किनारा

खरातबाई स्वयंपाकघरात आलेल्या माणसाला नुसतं "बसा" कधी म्हणाल्या नाहीत. "तुम्ही खंभातच्या आखातात बसा," नाहीतर "पोरी, जरा कोकणात सरक," असं सांगायच्या. नवखा माणूस गोंधळला की त्याचा हात धरून टेबलाच्या वाकड्यातिकड्या कडेवर ठेवायच्या. कड आत वळलेली जागा म्हणजे आखात, तिथून खाली लांबट चाललेली म्हणजे कोकण. बाईंनी वैजापूरच्या शाळेत भूगोल शिकवला होता. निवृत्तीनंतर त्या सिडकोतल्या घरी एकट्या राहायच्या आणि मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते.

ते टेबल त्यांनी स्वतः केलं होतं, तेही नजर जायला लागल्यावर. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपायची, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. पुण्याला नोकरीत असलेला मुलगा, मिलिंद, रोज फोनवर तिकडे चल म्हणायचा. शाळेत बाई पुस्तकी मराठी बोलत असतील, घरात मात्र त्यांची सिल्लोडकडची बोली सुटायची. "दिसंल तवर दिसंल," त्या म्हणायच्या, "नाय दिसलं तर हात हायेत."

एका दुपारी त्यांनी मला शहागंजच्या पलीकडे एका वखारीत स्कूटरवरून न्यायला लावलं. तिथं चिंचेची एक जाड फळी बरीच वर्षं वाळत पडली होती. तिची एक बाजू करवतीने सरळ कापलेली होती. दुसऱ्या बाजूला झाडाचा मूळ आकार सालीसकट तसाच होता. वखारवाले चाचा तीही बाजू सरळ करून द्यायला तयार होते. बाईंनी त्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ती कापली तर मग मी घेतलं काय?"

फळी थेट स्वयंपाकघरात ठेवली गेली. बाई पटाशीने साल सोडवायच्या, मग काचपेपरने तासन्‌तास घासायच्या. घासताना डोळे मिटलेले असायचे. कारण विचारलं तर म्हणाल्या, "डोळं मधी मधी करत्यात." घरभर भुसा व्हायचा. तो त्या स्वतः झाडायच्या, मला हात लावू द्यायच्या नाहीत.

एकदा पटाशी सटकली आणि डाव्या तळहातात घुसली. टाके पडले. दुसऱ्या दिवशी मिलिंद गाडी घेऊन आला. आधी, तुम्ही घरात असताना हे होऊ कसं दिलं, असं त्यानं मला विचारलं. मग आत जाऊन आईला म्हणाला, आजच निघायचं. बाईंनी त्याला अर्धवट टेबलापाशी बसवलं, डोळे मिटले आणि चहा ठेवला. एक हात बांधलेला होता. दुसरा कडेची वळणं चाचपत डब्यापर्यंत गेला, गाळणीपर्यंत गेला. चहाचा कप त्याच्यासमोर आला तेव्हा बशीत एक थेंबही नव्हता.

"आई, घर म्हणजे फक्त स्वयंपाकघर नाही," तो म्हणाला.

"माझ्यापुरतं हाये."

त्यानं चहा संपवला आणि एकटाच परत गेला. जाताना पटाशी मात्र गाडीच्या डिकीत टाकून घेऊन गेला. उरलेली कड बाईंनी नुसत्या काचपेपरने पुरी केली, वर जवसाचं तेल चोळलं, वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पाय बसवून घेतले. सरळ बाजू भिंतीला लावली आणि वाकडी आपल्याकडे ठेवली.

त्या टेबलाशी त्या आणखी दोनेक वर्षं राहिल्या. मग एका सकाळी गॅसवर पदर पेटला. मी वर होते, ओरडणं ऐकून धावले. तोवर त्यांनी स्वतःच पाणी ओतून विझवला होता. भाजलं फारसं नव्हतं. ओल्या साडीतच त्यांनी मला मिलिंदला फोन लावायला सांगितला. "ये," एवढंच बोलल्या. पुण्याला निघालेल्या टेम्पोत इतर सामान थोडंच होतं. टेबल होतं.

पुढे कामानिमित्त पुण्याला गेले तेव्हा त्यांना भेटले. आता त्यांना अजिबात दिसत नव्हतं. स्वयंपाकघर नीटनेटकं होतं. टेबल होतं, पण उलटं लावलेलं. वाकडी बाजू भिंतीकडे गेली होती आणि सरळ बाजू पुढे आली होती. सून ऑफिसला गेली होती. तिला ती वाकडी कड पोटाला टोचायची, असं बाईंनीच सांगितलं. मी म्हटलं, मिलिंदला सांगून फिरवून घेऊ या.

"नको," बाई म्हणाल्या. "तिचंबी घर हाये. सैपाक तीच करती."

मला वाईट वाटलं. ते त्यांना आवाजावरून कळलं असावं. त्यांनी माझा हात धरला आणि सरळ कडेच्या खालच्या अंगाला, जिथं वाकल्याशिवाय काही दिसत नाही, तिथं नेऊन ठेवला. बोटांना खाचा लागल्या. काही जवळजवळ, काही लांब, एक आखातासारखी खोल. भाजीच्या सुरीनं, दुपारी घरात कोणी नसताना त्यांनी त्या पाडल्या होत्या.

"वरून कड सरळच हाये," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तिला दिसत नाय अन् मलाबी दिसत नाय. भागतं दोघींचं."

मग त्या उठल्या, दोन बोटं टेबलाखाली सरकवली आणि चहाच्या डब्याकडे निघाल्या.