मधल्या जागेवरचा व्हर्नेल

माझा थोरला भाऊ व्हर्नेल गॅडिस जन्मला तेव्हा त्याचा आकार बघून सुईण आईला म्हणाली होती, "बाई, याला उचलून नेऊ नका, चालतच येईल घरी."

मिसिसिपीतल्या आमच्या गावात कामं दोनच. माशांच्या तळ्यावर राबा, नाहीतर मासे कापायच्या कारखान्यात उभे राहा. आई कारखान्यात होती. व्हर्नेल आठवीत असताना शाळेचे फुटबॉल कोच व्हिटलॉक आमच्या पायरीवर येऊन बसले. फुटबॉल म्हणजे आमचा अमेरिकन, अंगावर धडकून पाडायचा.

"मिसेस गॅडिस, पोरगा मला द्या."

"अहो, तो मांजराला घाबरतो," आई म्हणाली.

"आमच्या मैदानावर मांजरं नसतात."

कोचनी त्याला बचावफळीच्या अगदी मधे उभं केलं. समोरच्या संघाचे सगळ्यात दांडगे गडी जिथून घुसतात, ती जागा. तिथे एक हात जमिनीला टेकवून समोरच्यापुढे वाकायचं आणि खेळ सुरू झाला की त्याच्या अंगावर सुटायचं. पहिल्या दिवशी व्हर्नेलने एकाला आडवं केलं आणि लगेच हात देऊन उठवलं, वर विचारलं, "लागलं का रे?" कोच तिकडून ओरडले, "गॅडिस! लग्नाला आलायस का? आधी पाड. माफी रविवारी चर्चमध्ये माग!"

मग त्याला जवळ घेऊन म्हणाले, "चेंडू विसर. चेंडू तुझा नाही. तुझ्या अंगावर दोघं आले पाहिजेत. दोघं तुझ्यात अडकले की आपला एक मोकळा सुटतो. टाळ्या त्याला मिळतील. चालेल?"

"चालेल, सर," व्हर्नेल म्हणाला. त्याला सगळंच चालायचं.

ऑगस्टच्या उन्हात तो सरावाच्या जड लोखंडी ढकलगाडीवर डोकं आणि खांदे आपटत राहायचा. कॉलेजने त्याला त्यासाठीच उचललं, आणि पुढे उत्तरेकडच्या एका थंड शहरातल्या व्यावसायिक संघानेही. रविवारी आम्ही टीव्हीसमोर बसायचो. समालोचक त्याचं नाव क्वचितच घ्यायचा. माणसांचा ढीग पडला की आई पडद्यावर बोट ठेवायची, "तो बघा माझा, सगळ्यात खाली."

सुट्टीत घरी आला की त्याची बोटं वाकडी झालेली दिसायची, गुडघे कुरकुरायचे. डोक्याचं मात्र तो हसून सांगायचा. "टक्कर झाली की सगळं पांढरं होतं, हार्लन. मग डॉक्टर बोटं दाखवून विचारतो, किती? मी म्हणतो, दोन. तो बाबा नेहमी दोनच दाखवतो."

आम्ही पोट धरून हसलो. त्याची बायको ओडेसा तेवढी हसली नाही.

एका मंगळवारी संघाने त्याला सांगितलं, तुझ्या जागी कॉलेजातला नवा मुलगा घेतलाय. त्याचे बूट आणि टॉवेल कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून ठेवलेले होते. तो गावी परतला, ओडेसा आणि लहानग्या रेनिटाला घेऊन. आईच्या घराजवळच घर बांधलं. काही वर्षं बरी गेली. पोरीला खांद्यावर बसवून तो तळ्याकाठी फिरायचा.

मग डोकं दुखायला लागलं. भर दुपारी तो गाडीत डोळ्यांवर टॉवेल टाकून बसून राही. दुकानात गेला की कशाला आलो तेच आठवेना. एकदा ओडेसाने मीठ जास्त पडलं का विचारलं, तर त्याने जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं. मग स्वतःच भिंत पुसत रडत बसला.

आई गेली तेव्हा दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. तळलेला मासा, मक्याचा पाव, भाजी. व्हर्नेल खुर्चीवर शांत होता. मी त्याचं ताट घेऊन गेलो आणि माझ्या हातून चमचा पडला. तो उचलायला मी त्याच्या पुढ्यात वाकलो, एक हात जमिनीला टेकवला.

मान वर केली तर त्याचाही हात जमिनीवर होता. डोळे माझ्यावर, पण मला ओळखत नसलेले.

मग तो सुटला. मी टेबलासकट भिंतीवर आदळलो. बरगड्या मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. बायका किंचाळल्या. व्हर्नेल माझ्या उरावरून उठला, इकडेतिकडे बघितलं आणि मला हात दिला.

"हार्लन! कोणी पाडलं रे तुला?"

 उत्तर रेनिटाने दिलं. तेव्हा ती चांगली मोठी झाली होती. "डॅडी, तुम्हीच."

तो हॉस्पिटलमध्ये मला भेटायला आला तो दारातच उभा राहिला. मी म्हटलं, "ये की आत, मोडून मोडून आता काय मोडणार?" तो आला नाही. त्याच आठवड्यात घरामागच्या जुन्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या पत्र्याच्या खोलीत, त्याने आपली गादी हलवली आणि दाराला बाहेरून कडी बसवली.

"ओडेसा, संध्याकाळी ही लावत जा."

"मी माणसाशी लग्न केलंय, बैलाशी नाही," ती भडकली. "मुळीच लावणार नाही."

"पोरगी आहे घरात," तो एवढंच म्हणाला.

तिने ऐकलं नाही. मग एके दिवशी त्याने रेनिटाचा दंड धरला तो सोडेना. तिने ओरडून ओरडून आपलं नाव सांगितलं तेव्हा कुठे पकड सुटली. त्या संध्याकाळी ओडेसाने कडी लावली. लावली आणि दाराला पाठ टेकून बाहेरच बसली. आतून तो म्हणाला, "थँक यू, बेबी." ती रोज तशी बसू लागली. दाराच्या दोन्ही बाजूंनी दोघं बोलत. कधी तो तिला तिच्याच नावाने हाक मारी, कधी आई समजून कारखान्यातून दमून आलीस का असं विचारी.

एका सकाळी तिने कडी काढली तेव्हा तो गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने.

एका विद्यापीठातल्या लोकांनी तपासणीसाठी त्याचा मेंदू मागितला. आमची बर्निस मावशी खवळली. "देवापुढे माणूस पुरा जायला हवा!"

"पुरा होता कुठे तो, मावशी?" ओडेसा म्हणाली, आणि सही केली.

कितीतरी महिन्यांनी विद्यापीठातल्या डॉक्टर बाईंचा फोन आला. मी ओडेसाजवळच बसलो होतो. वर्षानुवर्षं बसलेल्या धक्क्यांनी मेंदू आतून झिजत गेला होता, असं त्या बाईंनी सांगितलं. शाळेच्या दिवसांपासूनच सुरुवात झाली असेल, म्हणाल्या. ओडेसाने विचारलं, "मग पोरीला धरणारा तो नव्हता ना? आजार होता ना?"  त्या म्हणाल्या, "मॅडम, ते वेगळं काढून सांगणं मला जमणार नाही."

पुढल्या हंगामात शाळेने त्याच्या नावाची पाटी द्यायला आम्हाला शुक्रवारच्या सामन्याला बोलावलं. कोच व्हिटलॉक काठी टेकत आले, ओडेसाचा हात धरून रडले. "माझ्या हाताखालचा सगळ्यात गुणी मुलगा तो," म्हणाले. तिने त्यांना रडू दिलं, हात मात्र सोडवून घेतला. लोक उभे राहिले, टाळ्या वाजवल्या. मग शिट्टी झाली आणि मैदानाच्या मधोमध पोरं हात टेकवून समोरासमोर वाकली.

"चल, हार्लन," ती म्हणाली. "मला हे नाही बघवत."

घरी येऊन तिने घेवड्याची आमटी गरम केली. आम्ही जेवलो. पाटी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर तशीच राहिली. तिने मागितली नाही, आणि मीही विचारलं नाही.